गोळीला काळा मुलामा

मलकापूरहून रेल्वेने भुसावळकडे निघालं की बोदवड मागे पडतं आणि वरणगाव येतं. बुलढाणा जिल्ह्याच्या वेशीपासून इतक्या जवळ, १९६४ पासून ऑर्डनन्स फॅक्टरी सैन्याची काडतुसं बनवते आहे. रायफलची गोळी म्हणजे साधारणपणे आत शिसं, वर तांब्या-जस्ताचं पातळ कवच. हे कवच नळीतल्या आट्यांना घासत जातं आणि दर गोळीमागे थोडं तांबं मागे ठेवतं. सैनिकाचं त्याने काही अडत नाही. स्पर्धेतल्या नेमबाजाचा मात्र लक्ष्यावरच्या छिद्रांचा गट फाकतो.

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नेमबाजांनी यावर मॉली, म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड, आणलं. काळ्या ग्रीसमध्ये असतं तेच, इथे कोरडं. त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. गोळ्यांवरचा ओशटपणा काढायचा, मग भुकटी आणि पोलादी छऱ्यांसह त्या फिरत्या डब्यात तासन्‌तास घोळवायच्या. छरे भुकटी कवचावर ठोकून बसवतात. वरून कार्नोबा मेणाचा हात. निघते ती करडी-काळी, चकचकीत गोळी. बोटंही काळी होतात.

घर्षण घटलं की दाब उतरतो, वेगही उतरतो; मग दारू वाढवा. नळी जास्त टिकेल ही आशा तिथेच लंगडी पडते, कारण नळीचा घसा झिजतो तो मुख्यतः तापलेल्या वायूंनी. शिवाय धुतलेल्या नळीचे पहिले बार भरकटतात, आणि दमट हवेत गंजाची तक्रार आहेच. काही जण पांढऱ्या बोरॉन नायट्राइडकडे वळले, काही साध्या गोळीवर परतले. माझ्या मते मॉलीने नेम सुधारत नाही. फार तर दोन साफसफायांमधलं अंतर वाढतं.

आपल्याकडे ७.६२ मिलिमीटरसारखी लष्करी बोअरची रायफल साध्या परवान्यावर मिळत नाही. आपली काडतुसांची रायफल नेमबाजी मुख्यतः पॉइंट टू-टूची. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये याच रायफलीवर जगज्जेत्या झाल्या. मध्य रेल्वेतल्या स्वप्निल कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला ४५१.४ गुणांसह कांस्य मिळवलं. अंतर ५० मीटर, दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. या गोळीला कवचच नसतं. नुसतं शिसं, त्यावर कारखान्यातूनच आलेलं मेणकट वंगण. इथे भुकटीला काम नाही. काम आहे काडतुसांचा लॉट निवडण्याचं. रायफल शिकंज्यात आवळायची, एकेक लॉट झाडायचा, घट्ट गट देणारा घ्यायचा. ब्रँड बदलला तर नळीत जुनं मेण उरलेलं असतं; नव्याचे बरेच बार गेल्याशिवाय गट जमत नाही.