हिरड्यांतून येणारे रक्त : दुर्लक्षित पूर्वसूचना

दाताचे मूळ जबड्याच्या हाडाशी जोडणारे सूक्ष्म तंतू, भोवतालचे हाड आणि त्यांना झाकणारी हिरडी हा दाताचा आधार होय. या आधाराचा आजार दोन टप्प्यांत वाढतो : पहिल्यात केवळ हिरडी सुजते आणि ती पूर्ण बरी होऊ शकते; दुसऱ्यात, म्हणजे ज्याला पायरिया म्हणतात त्यात, तंतू आणि हाड झिजतात व ही हानी सहसा भरून येत नाही. सुश्रुतसंहितेने दंतमुळाचे १५ रोग सांगितले असून, त्यांतील ‘शीताद’ या रोगाच्या लक्षणांत अकस्मात रक्त येणे, दुर्गंधी आणि हिरड्या मऊ पडणे यांचा समावेश आहे.

या आजाराचे मूळ कारण निर्विवादपणे दाखवणारा प्रयोग मात्र १९६५ साली प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे पूर्णपणे थांबवण्यास सांगितले. दातांवर जमणाऱ्या जंतूंच्या चिकट थराला ‘प्लाक’ म्हणतात. तो वाढू लागला, त्यातील जंतूंचे प्रकार बदलत गेले, सुरुवातीच्या गोलाकार जंतूंमध्ये पुढे तंतुरूप आणि अखेरीस वळवळणारे सर्पिल जंतू येऊन मिसळले, आणि १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू होताच सूज ओसरली. हिरडीचा दाह कशाने होतो आणि तो कसा मागे फिरतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इतक्या साध्या रचनेतून देणारे प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात विरळाच.

लोए तेवढ्यावर थांबले नाहीत. श्रीलंकेच्या चहामळ्यांतील ४८० पुरुष कामगारांचे त्यांनी १९७० पासून १५ वर्षे निरीक्षण केले. या कामगारांना ना दात घासण्याची सवय होती, ना दंतोपचार मिळत होते. जवळजवळ सर्वांच्या दातांवर थर आणि हिरड्यांवर सूज होती. तरीही सुमारे ८ टक्के लोकांत आधाराची झीज झपाट्याने झाली, ८१ टक्क्यांत ती मध्यम गतीने झाली, तर ११ टक्क्यांत आजार हिरडीपलीकडे गेलाच नाही. म्हणजे प्लाकमुळे आजार सुरू होत असला, तरी तो किती वाढेल हे शरीराच्या प्रतिकारावरही अवलंबून असते; आणि आपण कोणत्या गटात मोडतो हे कोणालाही आधी कळत नसल्याने स्वच्छतेत सवलत घेणे धोक्याचेच ठरते.

आजार ओळखण्याची पहिली खूण म्हणजे घासताना येणारे रक्त. त्यापाठोपाठ लालसर, फुगीर कडा, दुर्गंधी, हिरडी खाली सरकून दात लांब दिसणे आणि शेवटी दात हलणे ही लक्षणे येतात. दुखणे मात्र बहुधा उशिरा येते, आणि म्हणूनच रोग्याची फसगत होते. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधील खाचेत अलगद सरकवून, प्रत्येक दाताभोवती सहसा सहा ठिकाणी खोली मोजतो; १ ते ३ मिलिमीटर खोली निरोगी मानली जाते, त्याहून अधिक खोली रक्तस्रावासह आढळली तर आजाराचा संशय घ्यावा लागतो. तंबाखूच्या धूम्रपानाने हिरड्यांतील रक्तस्राव दबतो, त्यामुळे धोक्याची ही खूणच लपते. महाराष्ट्रात तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड, म्हणजे मिश्री, अनेक स्त्रिया दात स्वच्छ होतात या समजुतीने बोटाने हिरड्यांवर घासतात. तिने हिरड्यांचीच हानी होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. मधुमेह नियंत्रणात नसेल तर पायरिया बळावतो आणि पायरियामुळे रक्तातील साखर आवरणे कठीण होते. म्हणून मधुमेही व्यक्तीच्या नियमित तपासणीत हिरड्यांचीही तपासणी असायला हवी.

प्रतिबंध साधा आहे, पण तो रोज करावा लागतो. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी सुमारे ४५ अंशांत तिरका धरून, अगदी थोड्या अंतरात हलकेच मागेपुढे हलवत दिवसातून दोनदा दात घासावेत. ब्रश जिथे पोहोचत नाही अशा फटी धाग्याने किंवा बारीक ब्रशाने स्वच्छ कराव्यात. लाळेतील क्षारांनी थर कडक होऊन बनलेले कीटण मात्र घरी निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. कीटण काढल्याने दात सैल होतात, हा समज चुकीचा आहे : कीटणाखाली आधार आधीच झिजलेला असतो, आणि ते निघाल्यावर दिसणारी फट ही त्या झिजेचीच असते. हिरडीतून रक्त आले की त्या जागी घासणेच थांबवण्याकडे अनेकांचा कल असतो. प्रत्यक्षात तिथेच अधिक काळजीपूर्वक स्वच्छता करावी आणि एक-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर दंतवैद्य गाठावा, कारण हाड झिजण्यापूर्वीची हीच वेळ हिरडी पूर्ववत करण्याची असते.