आधी रिपोर्ट, मग गोळी

खोकला हटेना, वजन उतरू लागलं, की शिरूर-दौंडकडे पहिला संशय टीबीचा येतो. तो रास्तच आहे. पण थुंकीत जंतू नाहीत आणि औषधांनी उतारही नाही, तर सीटी स्कॅन आणि बायोप्सी लांबवू नये. विडी-तंबाखूला कधी न शिवलेल्यांनाही फुप्फुसाचा कॅन्सर होतो. उलट, ईजीएफआर जनुकातला बिघाड त्यांच्याच गाठींत जास्त सापडतो.

असा बिघाड सापडला तर नेमका त्यावरच काम करणारी गोळी मिळते. पण जनुकीय तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि घरच्यांचा धीर सुटतो : ‘डॉक्टर, तोवर काहीतरी सुरू करा ना!’ इथे घाई नडते. २००९ च्या ‘आयपास’ चाचणीत बिघाड असलेल्यांना जेफिटिनिब ही अशी गोळी केमोपेक्षा सरस ठरली, बिघाड नसलेल्यांचा मात्र तिने तोटाच झाला. दम लागलाय, थांबणं शक्य नाही, अशा वेळी नुसती केमो सुरू करता येते. इम्युनोथेरपी मात्र रिपोर्टपर्यंत थांबवलेली बरी. ती दिल्यावर लगेच ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची नवी गोळी दिली तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.

ईजीएफआरचा बिघाड सापडला. आता पहिली गोळी कोणती? ‘भारी औषध मागे राखून ठेवू’, असं वाटणं साहजिक आहे. जेफिटिनिब निष्प्रभ झालं की साधारण निम्म्या रुग्णांत टी७९०एम हा नवा बदल दिसतो आणि त्यावर ओसिमर्टिनिब चालतं. उरलेल्यांचं काय? शिवाय काहींची तब्येत दुसऱ्या औषधापर्यंत टिकतच नाही. ‘फ्लॉरा’ चाचणीत ओसिमर्टिनिब आधीच दिलं, तेव्हा निम्म्या रुग्णांचा आजार १८.९ महिने बळावला नाही. जुन्या गोळ्यांवर हाच काळ १०.२ महिने होता. मेंदूत पसरलेल्या आजारावरही ते जास्त चालतं.

अडतं ते पैशापाशी. २०२४ मध्ये ओसिमर्टिनिबवरचं सीमाशुल्क माफ झालं, जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तरी खर्च मोठाच. इथे मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा अभ्यास कामी येतो. तिथे ३५० रुग्णांपैकी निम्म्यांना नुसतं जेफिटिनिब दिलं, निम्म्यांना त्याच्या जोडीला पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन. आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. गंभीर दुष्परिणामही २५ टक्क्यांवरून ५१ वर गेले. म्हणजे स्वस्त गोळी, पण दर तीन आठवड्यांनी सलाइनसाठी पुण्या-मुंबईची खेप आणि सोसण्याची ताकद. पुढे ‘फ्लॉरा-२’ने ओसिमर्टिनिबलाही केमोची जोड देऊन फायदा दाखवला.

बिघाड एएलके या दुसऱ्या जनुकाचा असेल तर औषधंच वेगळी : अलेक्टिनिब, लोरलॅटिनिब.

आजार पुन्हा डोकं वर काढतो तेव्हा पहिल्या रिपोर्टवर विसंबू नये. पुन्हा बायोप्सी किंवा रक्ततपासणी लागते, कारण काही वेळा गाठीचा प्रकारच पालटलेला असतो. एकाच जागी वाढ असेल तर तिथे रेडिएशन देऊन तीच गोळी चालू ठेवता येते.

पैसे संपत आले म्हणून गोळी परस्पर दिवसाआड करू नका. डॉक्टरांना आधीच सांगितलं तर परवडणारा क्रम आखता येतो.