मंद इंटरनेट आणि लिनक्सची निवड

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोल्याच्या डोंगराळ भागात तर विशेष, इंटरनेटचा वेग आजही सर्वत्र सारखा नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. शाळांतील जुने संगणक मोडीत निघाले, तर ग्रामीण विद्यार्थ्याच्या हातचे साधनच जाईल. विनामूल्य लिनक्स हा त्यावरील उपाय होय. मात्र त्याच्या अनेक वितरणांपैकी कोणते घ्यावे?

रूपरंगापेक्षा, स्थापनेनंतर ते किती डाउनलोड मागते, हा प्रश्न आम्ही प्रथम विचारावा असे सुचवतो. आर्चसारख्या वितरणात सुधारणांचा ओघ अखंड असतो; फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिनेच टिकते. याउलट डेबियनच्या आवृत्तीस एकूण ५ वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात. डेबियनची लहान ‘नेटइन्स्ट’ प्रत मोहात पाडते, पण बाकीचे सारे ती इंटरनेटवरूनच आणते. त्यापेक्षा पहिल्या डीव्हीडीची प्रत घ्यावी. तीत डेस्कटॉप व लिबरऑफिस असल्याने स्थापना इंटरनेटविना होते. ही प्रत ४ जीबीच्या आसपास असते. १ एमबीपीएस वेगाने ती उतरण्यास सुमारे ९ तास लागतात. म्हणून ती शहरातून पेनड्राइव्हवर आणावी, किंवा खंड पडल्यास तेथूनच पुढे चालणाऱ्या टॉरेंटने रात्री उतरवावी. शेवटी तिची ‘चेकसम’ पडताळणी अवश्य करावी.

खरा भार पुढे येतो. २० संगणकांनी प्रत्येकी ५०० एमबी सुधारणा उतरवल्यास १० जीबी होतात. त्याच वेगाने ते सुमारे २२ तासांचे काम. एका संगणकावर ‘अॅप्ट-कॅशर-एनजी’ बसवल्यास तीच सामग्री एकदाच उतरते आणि उरलेल्यांना शाळेच्या अंतर्गत जाळ्यातून मिळते. काम तास-सव्वा तासावर येते. उबुंटूतील ‘स्नॅप’ पॅकेजे मात्र या साठ्यातून मिळत नाहीत व आपोआप अद्ययावत होतात, हे ध्यानी ठेवावे.

संगणक ३२-बिट असल्यास डेबियन १३ चा इन्स्टॉलर त्यासाठी उपलब्ध नाही. तेथे डेबियन १२ घ्यावे. लिनक्सची प्रत इतरांस देण्यास परवान्याची आडकाठी नसते. म्हणून एका शाळेने उतरवलेली प्रत शेजारच्या शाळांसही द्यावी. मंद इंटरनेटच्या भागात तोच सर्वांत जलद मार्ग आहे.