विश्लेषण : तीन ‘लाइफ’, चार मित्र... ऐंशी-नव्वदच्या दशकातील छळवादी गेम आज पुन्हा का खेळले जात आहेत?

‘सुपर मारिओ’, ‘कॉन्ट्रा’, ‘डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’... ही नावे नुसती ऐकली तरी आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांचे अंगठे आपसूक हलू लागतात. पण यातला कोणता गेम शेवटपर्यंत संपवला, असे विचारले की बरेच जण गप्प होतात. अर्धवट राहिलेले हेच गेम आता सुट्टीत, गेट-टुगेदरमध्ये किंवा इंटरनेटवरून जुन्या मित्रांसोबत पुन्हा खेळले जात आहेत. ग्राफिक्स जुने, आवाज कर्कश आणि दर अर्ध्या मिनिटाला मरण. तरीही हे गेम सुटत नाहीत. ते मुळात इतके अवघड का बनवले गेले आणि मित्र शेजारी बसल्याने त्यात नेमके काय बदलते?

प्लॅटफॉर्म गेम म्हणजे काय?

धावायचे, उड्या मारायच्या, खड्डे चुकवायचे आणि एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जायचे, अशा गेमना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ मध्ये जपानमध्ये आला आणि या प्रकाराचा साचा पक्का झाला. भारतात तो अनेक घरांत पोहोचला तो नक्कल केलेल्या स्वस्त ‘टीव्ही गेम’मधून. कार्ट्रिजला इथे ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेटवर शेकडो-हजारो गेम असल्याचा दावा असे. प्रत्यक्षात मोजकेच गेम नावे बदलून किंवा त्यांच्याच पुढच्या लेव्हल वेगळ्या दाखवून यादी फुगवलेली असे.

ज्यांच्या घरी टीव्ही गेम नव्हता, त्यांच्यासाठी शाळेतील कॉम्प्युटर लॅब होती. तिथला लाडका ‘डेंजरस डेव्ह’ लिहिला जॉन रोमेरो यांनी. १९८८ मध्ये तो ॲपल-टू संगणकासाठी आला आणि १९९० मध्ये डॉसवर. पुढे ‘डूम’ बनवणाऱ्यांत हेच रोमेरो होते. जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ चा. राजकन्येला सोडवायला त्यात मोजून ६० मिनिटे मिळत. लॅबचा तासही साधारण तेवढाच, त्यामुळे राजकन्या बहुधा कैदेतच राही.

हे गेम इतके अवघड का होते?

पहिले कारण पैसा. घरगुती गेमच्या आधी आर्केड होते, म्हणजे नाणे टाकून खेळायची यंत्रे. एका नाण्यावर कोणी तासभर खेळत राहिला तर मालकाचे नुकसान. त्यामुळे खेळणारा लवकर मरावा, पण ‘अजून एकदा’ म्हणावा, असा तोल साधला जाई. कॅपकॉमचा १९८५ चा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ मूळ आर्केडचाच. त्यात पहिल्या फटक्यात नायकाचे चिलखत जाते आणि दुसऱ्या फटक्यात जीव. जिवावर उदार होऊन शेवट गाठला तरी गेम सांगतो, पुन्हा पहिल्यापासून खेळा. खरा शेवट दुसऱ्या फेरीनंतरच दिसेल.

दुसरे कारण मेमरी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा संपूर्ण गेम ४० किलोबाइटचा आहे. व्हॉट्सॲपवर सकाळी येणारा ‘सुप्रभात’चा फोटोही बहुतेक वेळा याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत ३२ लेव्हल बसवायच्या म्हणून काटकसर इतकी, की त्यातले ढग आणि झुडपे हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. नवीन भाग भरायला जागा नसेल तर आहे तोच भाग पुन्हा पुन्हा खेळायला लावणे हा सोपा उपाय होता. गेम जिथे थांबवला तिथून पुढे सुरू करण्यासाठी कार्ट्रिजमध्ये वेगळी बॅटरी लागे किंवा लांबलचक पासवर्ड लिहून घ्यावा लागे. ‘मारिओ’मध्ये यातले काहीच नव्हते. वीज गेली की गेम पहिल्यापासून.

तिसरे कारण अमेरिकेतील भाड्याचा बाजार. तिथे व्हिडिओ लायब्ररीतून गेम भाड्याने मिळत. गेम दोन दिवसांत संपला तर विकत कोण घेणार? १९९४ च्या ‘द लायन किंग’ गेमची दुसरीच लेव्हल कुप्रसिद्ध आहे. भाड्याने नेणाऱ्याला फार पुढे जाता येऊ नये म्हणून ती अवघड करायला डिस्नेने सांगितले होते, असे हा गेम बनवणाऱ्या वेस्टवूड स्टुडिओजचे सहसंस्थापक लुई कॅसल यांनी नंतर सांगितले.

अवघड आणि अन्यायकारक यात फरक काय?

‘मारिओ’मध्ये उडी मारल्यावरही हवेत दिशा थोडी बदलता येते. चूक झाली तरी सावरायला वाव असतो. ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’मध्ये पाय जमिनीवरून सुटला की दिशा ठरली, अंदाज चुकला तर पडताना फक्त पाहत राहायचे. टेक्मोच्या १९८८ च्या ‘निन्जा गायडेन’मध्ये शत्रूचा धक्का लागला की नायक मागे उडतो, आणि मागे नेमका खड्डा असतो. तिथला पक्षी मारून दोन पावले मागे गेले की तोच पक्षी पुन्हा हजर. शेवटच्या शत्रूकडून हरल्यावर तर त्या अंकाच्या सुरुवातीलाच पाठवणी होते.

निन्टेन्डोलाही मर्यादा कळत होती. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मध्ये विषारी मशरूम होते आणि पुढे न्यायच्या ऐवजी मागे पाठवणारे ‘वॉर्प’ही. अमेरिकी प्रेक्षकांना हा गेम फार जड जाईल असे ठरले आणि तिथे ‘मारिओ २’ या नावाने वेगळाच गेम विकला गेला. मूळ गेम तिथे पोहोचला १९९३ मध्ये, ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने.

आजचे अवघड गेम वेगळ्या पद्धतीने वागतात. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही ०.१ सेकंदापर्यंत उडीचे बटण चालते. खेळणाऱ्याला हे कळतही नाही, पण ‘मी तर बटण दाबले होते’ ही तक्रार कमी होते. मेल्यावर तो गेम जवळच, क्षणात पुन्हा सुरू होतो. जुन्या गेमने अशी सवलत दिली नाही. त्यामुळे ते एकट्याने खेळताना लवकर कंटाळा येतो.

मित्र शेजारी असल्याने नेमके काय बदलते?

सगळ्यात आधी बदलते ते मरणाचे मोल. ‘सुपर मारिओ’त दोघे जण एकाच वेळी खेळू शकत नाहीत. एकाचा मारिओ मेला की दुसऱ्याच्या लुईजीची पाळी येते. म्हणजे मित्राचे मरण ही आपली संधी असते. वाट पाहणारा पुढच्याच्या चुका पाहून शिकत असतो. चौथ्या पाइपातून झाड वर येते, तिसऱ्या विटेत मशरूम आहे, इथे थांबायचे नाही, ही माहिती गेममध्ये कुठेही सेव्ह होत नव्हती. ती त्या चार-पाच पोरांच्या डोक्यात सेव्ह होत होती. एकाला उड्या जमायच्या, दुसऱ्याला रस्ता पाठ असायचा, तिसरा नुसता ओरडायचा. तिघे मिळून एक बरा खेळाडू तयार होई.

कोनामीचा ‘कॉन्ट्रा’ १९८७ मध्ये आर्केडला आला आणि १९८८ मध्ये घरगुती यंत्रावर. त्यात दोघे एकाच वेळी खेळतात आणि खरी गंमत तिसऱ्या, धबधब्याच्या लेव्हलमध्ये येते. पडदा वर सरकत जातो. वरच्याने घाई केली की खालचा पडद्याबाहेर जातो आणि मरतो. ‘अरे थांब ना’ हे वाक्य त्या लेव्हलवर किती घरांत उच्चारले गेले असेल याची मोजदाद नाही. तीनऐवजी ३० लाइफ देणारा ‘वर-वर-खाली-खाली-डावा-उजवा-डावा-उजवा-बी-ए’ हा कोडही अनेकांना एकमेकांकडूनच कळला. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ‘ग्रेडियस’ची चाचणी करताना, गेम स्वतःलाच फार अवघड जात होता म्हणून घातला होता. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

मैत्रीची सर्वात कठोर परीक्षा घेतली ती रेअर कंपनीच्या १९९१ च्या ‘बॅटलटोड्स’ने. त्यात आपला ठोसा मित्रालाही लागतो. दोघांपैकी एकाच्या लाइफ संपल्या की दोघांनाही लेव्हलच्या सुरुवातीला जावे लागते. तिसऱ्या लेव्हलमधील वेगवान बाइकचा बोगदा दोघांनी पार करणे दुर्मीळच. आणि कोणी चिकाटीने अकराव्या लेव्हलपर्यंत गेलेच, तर अमेरिकी आवृत्तीत एक बग वाट पाहत असे. दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर तिथे चालतच नसे. म्हणजे मैत्री टिकली तरी गेम दोघांना संपवू देत नव्हता.

अवघड गेममध्ये अडकलेला माणूस पाहणे हाच कार्यक्रम होऊ शकतो, हे जपानने २००३ मध्येच ओळखले. फुजी टीव्हीच्या ‘गेम सेंटर सीएक्स’मध्ये विनोदवीर शिन्या अरिनो जुने गेम संपवायला बसतात. ते फार निष्णात नाहीत. अडकले की शेजारचे सहायक मदतीला येतात.

तेच गेम आज जास्त अवघड का वाटतात?

वय आणि सराव हे एक कारण आहेच, पण दोष यंत्राचाही असतो. जुने गेम सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवत. एका चित्राला १६-१७ मिलिसेकंद. डब्ब्याच्या टीव्हीवर बटण दाबल्याचा परिणाम जवळपास लगेच दिसे. आजचे एलईडी टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर आधी प्रक्रिया करतात. त्यात काही चित्रांचा वेळ जातो आणि उडी उशिरा पडते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू केल्यास हा उशीर कमी होतो. मोबाइलच्या काचेवर तर बटणाचा उंचवटाच नसतो. अंगठा सरकल्याचे मेल्यावर कळते. साधा ब्लूटूथ कंट्रोलर जोडला तरी बराच फरक पडतो.

मित्र परदेशात असेल तर?

हे आता शक्य आहे, पण इथे भौतिकशास्त्र आडवे येते. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली तरी एका बाजूने ६० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागणार, जवळपास चार चित्रांचा. यावर ‘रोलबॅक’ नावाचे तंत्र वापरले जाते. मित्राचे बटण पोहोचण्याआधी संगणक अंदाज बांधतो की तो मघाचेच बटण दाबून आहे. अंदाज चुकला की गेम काही चित्रे मागे जातो, दुरुस्त होतो आणि पुन्हा पुढे येतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याआधी घडते. पुण्यातील आणि न्यू जर्सीतील दोन मित्र धबधब्यावर भांडू शकतात ते यामुळेच.

‘रिवाइंड’ वापरणे ही फसवणूक आहे का?

निन्टेन्डोने २०१९ मध्ये आपल्या ऑनलाइन सेवेतील जुन्या गेमना ‘रिवाइंड’ दिले. खड्ड्यात पडलात, तर काही सेकंद मागे जा. २०१५ च्या ‘रेअर रिप्ले’ या संग्रहात ‘बॅटलटोड्स’लाही ही सोय मिळाली. नोकरी, मुले, ईएमआय सांभाळून महिन्यातून दोन तास मिळणाऱ्यासाठी ही सोय वरदान आहे. गेम बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेली उन्हाळ्याची सुट्टी आता कोणाकडेच नाही.

पण तिची किंमतही आहे. प्रत्येक चूक पुसता आली की पाळी बदलत नाही. रस्ता पाठ असलेल्याची गरज उरत नाही. चार जण बसलेले असतात, खेळतो मात्र एकच. त्यामुळे एकत्र खेळताना रिवाइंड बंद ठेवावे आणि फक्त ‘सेव्ह’ वापरावे, हा मध्यम मार्ग व्यवहार्य ठरतो. लेव्हल संपली की सेव्ह, मेला की रिमोट पुढच्याकडे. यात वेळ वाचतो आणि हरण्याला अर्थही राहतो.

हे गेम कायदेशीररीत्या मिळतात का?

काही मिळतात. निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेत ‘मारिओ’ आणि ‘द लॉस्ट लेव्हल्स’ आहेत. कोनामीने २०१९ मध्ये ‘कॉन्ट्रा’च्या मालिकेचा संग्रह काढला. इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या ‘रॉम’ फाइल मात्र सहसा कॉपीराइटचा भंग ठरतात, गेम कितीही जुना असो.

अडचण अशी, की बहुतेक जुन्या गेमना अधिकृत मार्गच नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. खुद्द ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ सोर्स कोड हरवला होता, २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना घरातील खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या म्हणून तो वाचला. फाइल अशा एखाद्या खोक्यातून परत मिळू शकते. कोणत्या विटेत काय आहे आणि तिथे कोण कोणाला ‘थांब’ म्हणाले होते, हे मात्र त्या वेळी शेजारी बसलेल्यांनाच विचारावे लागेल.