चुकलेल्या चितळांचाही हिशेब

जंगलातले सगळे चितळ डोळ्यांना दिसत नाहीत, तरी त्यांची संख्या काढता येते. नागपूरच्या उत्तरेकडील पेंच व्याघ्र प्रकल्पात दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेच्या वेळी वनरक्षक त्यासाठी पायी फिरतात. त्यांच्या गस्तीच्या हद्दीत, म्हणजे बीटमध्ये, किमान दोन किलोमीटरची सरळ रेषा आखलेली असते. तिला ट्रान्झेक्ट म्हणतात.

या रेषेवरून चालायचे ते सकाळीच. ऊन चढले की चितळ सावलीला बसतात आणि नजरेतून निसटतात. वेळ थोडा असला तरी घाई चालत नाही, कारण सागाचा वाळका पाचोळा पायाखाली करकरतो. चाहूल लागताच चितळ पाय आपटतो, शेपटी उभारतो, तिच्याखालचा पांढरा भाग चमकतो आणि कळप उधळतो.

कळप पहिल्यांदा जिथे दिसला तिथलीच नोंद धरायची, पळून थांबला तिथली नाही. लेझर रेंजफाइंडरने अंतर घेतात, होकायंत्राने दिशा. समजा, कळप ६० मीटरवर असून रेषेशी ३० अंशांचा कोन होतो. ३० अंशांची ज्या (साइन) ०.५, म्हणून कळपाचे रेषेपासूनचे लंबांतर ३० मीटर.

सगळी मेख या लंबांतरात आहे. रेषेवरचा प्राणी सहसा सुटत नाही, पण अंतर वाढते तशा नोंदी विरळ होतात. त्या कोणत्या गतीने विरळ होतात यावरून किती प्राणी नजरेतून सुटले ते कळते आणि पाहणीच्या पट्ट्याची परिणामकारक रुंदी ठरते. समजा, ती दोन्ही बाजूंना ५० मीटर निघाली. दोन किलोमीटरची रेषा तीन सकाळी चालल्यास ६ किलोमीटर होतात, म्हणजे ०.६ चौरस किलोमीटरची पाहणी. तेवढ्यात ३० चितळ दिसले, तर घनता चौरस किलोमीटरला ५०. प्रत्यक्षात एका रेषेवरच्या नोंदी अपुऱ्या पडतात, म्हणून अनेक रेषांच्या नोंदी एकत्र करतात. दाट झाडीतले सांबर क्वचितच दिसते, तिथे जमिनीवरच्या लेंड्याही मोजतात.

घनतेचा हा आकडा वाघासाठी मोलाचा असतो. एका वाघाला वर्षाला साधारण ५० हरणांएवढे भक्ष्य लागते. कळपांतून वर्षाला दहा टक्के जनावरे गेली तरी भरपाई होते, असे धरल्यास एका वाघामागे जंगलात सुमारे ५०० जनावरे हवीत.