पाय मुरगळला, एक्स-रे काढू की नको?

पाचवा महिना. ऑफिसच्या जिन्यात पाय सटकतो, घोटा टम्म सुजतो. डॉक्टर म्हणतात एक्स-रे काढा, सासूबाई म्हणतात मुळीच नको! ऐकायचं कुणाचं? आकडेच बघा ना. घोट्याच्या एक्स-रेमधून बाळापर्यंत ०.००१ मिलिग्रेपेक्षाही कमी रेडिएशन पोहोचतं. निसर्गातूनच त्याला नऊ महिन्यांत साधारण १ मिलिग्रे मिळतं. काळजीचा विषय सुरू होतो ५० च्या पुढे. उलट फ्रॅक्चर लक्षातच आलं नाही, तर हाड वाकडं जुळू शकतं. पोटाचा किंवा कमरेचा सीटी स्कॅन असेल तर गणित वेगळं. तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का, हे जरूर विचारा. आणि पडताना पोटाला मार लागला असेल, तर घोटा नंतर, आधी गायनॅक!