नळ रिकामा असतो तेव्हा

हुबळी-धारवाडच्या रहिवाशांनी पाण्याविषयी जी चिंता वर्षानुवर्षे वाहिली, ती बहुतांशी पाणी केव्हा येणार एवढीच होती. यल्लमाच्या यात्रेमुळे मराठी मुलखाच्या परिचयाच्या झालेल्या सौंदत्तीजवळ मलप्रभेवर नविलुतीर्थाचे धरण आहे. त्याचे आणि बेडती नदीवरील नीरसागराचे पाणी यथाविधी शुद्ध होऊन शहराकडे निघे. पण ते दारात पोहोचे काही दिवसांआड, तेही थोड्या तासांपुरते. मग हंडे, पिंपे व हौद भरून घेण्याच्या त्या धांदलीत वाटेत त्या पाण्याचे काय झाले असेल, याचा तपास करण्यास सवड कोणाला असणार?

भरल्या नळात दाब आतून बाहेर असतो. सांध्याला चीर गेली तरी पाणी बाहेर झिरपते, आणि नुकसान होते ते खजिन्याचे, प्रकृतीचे नव्हे. पुरवठा थांबताच हा दाब ओसरतो, आणि भोवतालच्या मातीतली ओल व जवळच्या गटारातून पाझरलेले पाणी त्याच चिरेतून बिनदिक्कत आत शिरते. पुन्हा पाणी सुटले की हा सारा मळ, नळाच्या भिंतींवर वाढलेल्या जंतूंच्या थरासह, पहिल्या लोंढ्याबरोबर घरात येतो. विषमज्वर, पटकी, रक्ती हगवण, कावीळ या रोगांना याहून सोयीची वाट क्वचितच मिळेल.

१८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने एकाच वस्तीत दोन निरनिराळ्या कंपन्यांचे पाणी पिणाऱ्या घरांतील पटकीचे मृत्यू ताडून पाहिले, आणि दोष पाण्याचा आहे हे दाखवून दिले. तशी तुलना करण्याची दुर्मिळ संधी या जोडशहराने दिली. जागतिक बँकेच्या साहाय्याने कर्नाटक सरकारने येथील ८ प्रभागांत अहोरात्र पाणी देण्याची तजवीज केली; बाकीच्या शहरात जुनाच शिरस्ता चालू राहिला. स्नोच्या लंडनमध्ये पाण्याचे उगम वेगळे होते. येथे उगम आणि शुद्धीकरण समान, भेद मुख्यतः नळ भरलेला राहण्याचा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१० ते २०११ या काळात दोन्हीकडचे पाणी तपासले. मानवी आतड्यात वसणारा इ. कोलाय हा जंतू बहुधा स्वतः निरुपद्रवी असतो, परंतु पाण्यात मैला मिसळल्याची तो साक्ष देतो. अखंड पुरवठ्याच्या नळांवर तो ०.७ टक्के नमुन्यांत आढळला. खंडित पुरवठ्याच्या नळांवर ३१.७ टक्के नमुन्यांत.

इतका फरक पाहून जुलाबही थांबले असतील असे वाटते. पण तसे झाले नाही. पाच वर्षांखालील मुले असलेल्या ३,९२२ कुटुंबांच्या पाहणीत सर्वसाधारण अतिसाराच्या प्रमाणात लक्षणीय अंतर दिसले नाही. अखंड पुरवठ्याच्या भागात विषमज्वर झाल्याचे सांगणारी कुटुंबे मात्र ४२ टक्क्यांनी कमी होती, आणि अल्प उत्पन्नाच्या घरांत मुलांची रक्ती हगवण ३७ टक्क्यांनी कमी. मला यात विसंगती दिसत नाही. अतिसार हातांवरून, अन्नावरून आणि उघड्या पिंपातूनही येतो. नळ सुधारल्याने नळाचेच पाप धुतले जाणार. ज्यांच्या घरी गाळणयंत्र घेण्याची ऐपत नाही, त्यांच्या पदरी त्याचे पुण्य अधिक पडावे, हेही स्वाभाविकच.

देखरेखीचा प्रश्न येथूनच सुरू होतो. २००४ पासून चालू असलेल्या केंद्र सरकारच्या साथरोग-निगराणी योजनेत संशयित, संभाव्य आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण असे तीन प्रकारे नोंदले जातात. पाण्याचे नमुने आणि त्यांतील क्लोरीन ही बाब दुसऱ्या खात्याची. पिण्याच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असा भारतीय दंडक आहे. पण हे मोजमाप शुद्धीकरण केंद्रावर करून दप्तर मिटले, तर ज्या चिरेने घात केला तिची नोंद कोठेच होत नाही. रुग्णांची वही आणि पाण्याची वही प्रभागवार एकाच नकाशावर मांडली जावी, आणि नमुना घ्यायचा तो ग्राहकाच्या नळावर, पाणी सुटताच आणि दाब क्षीण असताना घेतला जावा. कारण याच शहरातील तपासणीत दूषण सर्वाधिक सापडले ते त्या घटकांना. हा बंदोबस्त होईतो, जेथे पाणी अजून दिवसांआड येते तेथल्या घरांनी पहिला लोंढा धुण्याभांड्यांना लावावा, आणि पिण्याचे पाणी नंतरचे भरून, उकळून, झाकून ठेवावे.